बेगडाचे सिंहासन

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीच्या आधी पंधरा दिवस आम्हा मुलांकडे एक काम ठरलेले असे. पानाच्या गादीसमोर, इराण्याच्या हॉटेलाबाहेर, जिथे मिळतील तिथून सिगारेटची रिकामी पाकिटे वेचायची, त्यांतला चंदेरी कागद अलगद सोडवायचा, त्याला मागून चिकटलेला पातळ पांढरा कागद पाण्यात भिजवून वेगळा करायचा आणि उरलेली चांदी नखाने घासून सपाट करायची. आम्ही तिला 'चांदी'च म्हणत असू. वडील गिरणीच्या कचेरीत कारकून होते, पण भाद्रपदात ते चाळीचे स्थपती होत. बांबूच्या कामट्या, खोक्यांचे पुठ्ठे, मोरचूद टाकून शिजवलेली मैद्याची खळ (मोरचुदामुळे झुरळे लागत नाहीत), बाजारातून आणलेले थोडे रंगीत बेगड आणि आमची चांदी, एवढ्यावर ते मखर उभे करीत. त्यांचा दंडक एकच होता : आतला पुठ्ठा दिसता कामा नये. कुठे कोपऱ्यात तपकिरी रेघ राहिली, तर रात्री दोन वाजतासुद्धा ते कंदील घेऊन उठत.

पुढे शाळेत 'बेगडी' हा शब्द शिकलो, तेव्हा मला थोडे वाईट वाटले. बेगडी म्हणजे वरवरचे, खोटे, दिखाऊ. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. ज्या वस्तूने देवासाठी घर सजवायचे, तिचेच नाव भाषेने लबाडीला द्यावे, हे काही मला पटले नाही. ती तक्रार इतकी वर्षे मनात पडून होती. या लेखाचे खरे कारण ती आहे.

जेम्स हॅम्प्टन हे नाव मला पहिल्यांदा भेटले ते रद्दीच्या दुकानात. अमेरिकन लोककलेवरचे एक फाटके पुस्तक होते, त्यात एका पानावर सोनेरी-चंदेरी झळाळीचे एक प्रचंड काहीतरी. मधोमध उंच सिंहासन, दोन्ही बाजूंना वेद्या, व्यासपीठे, पंख पसरल्यासारखे आकार, मुकुट. प्रथमदर्शनी वाटले, एखाद्या पूर्व युरोपीय चर्चमधले जुने काम असेल. खालचा मजकूर वाचला आणि मी तिथेच उभा राहिलो. हे सगळे वॉशिंग्टन शहरातल्या एका झाडूवाल्याने भाड्याच्या गॅरेजमध्ये, टाकाऊ फर्निचर, पुठ्ठे, जळके दिवे आणि चंदेरी-सोनेरी कागद वापरून केले होते. चौदा वर्षे, रात्रीच्या पाळीनंतर.

हॅम्प्टनचा जन्म ८ एप्रिल १९०९ चा, दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या एलोरी नावाच्या लहान गावातला. (नाव वाचताना आपल्या मनात वेरूळ येते. तो योगायोग, त्यात दुसरे काही नाही.) वडील गावोगाव फिरणारे बाप्टिस्ट उपदेशक व भजने गाणारे; स्वतःच स्वतःला दीक्षा दिलेले. ते कुटुंब सोडून निघून गेले. १९२८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हॅम्प्टन थोरल्या भावाकडे वॉशिंग्टनला आला. दक्षिणेतली शेती व वर्णद्वेष मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय माणसे त्या काळात उत्तरेच्या शहरांकडे निघाली होती, त्या लोंढ्यातला हा एक. तो खाणावळींत आचारी म्हणून राबला. १९४२ मध्ये सैन्यात भरती झाली. लढाऊ तुकडीत नव्हे. विमानदलाच्या धावपट्ट्यांची डागडुजी आणि सुतारकाम करणाऱ्या तुकडीत. टेक्सास, सिॲटल, हवाई, मग पॅसिफिकमधली सायपान आणि गुआम ही बेटे. 'ब्राँझ स्टार' हे पदकही त्याला मिळाले. सिंहासनाच्या मांडणीतला एक छोटा देव्हाऱ्यासारखा तुकडा त्याने १९४५ मध्ये गुआमवर केलेला आहे. म्हणजे बीज युद्धातले. त्याच वर्षी तो परतला, आणि १९४६ मध्ये एका सरकारी खात्यात रात्रपाळीचा सफाई कामगार म्हणून लागला. संघराज्याच्या सरकारी इमारतींची देखभाल करणारे हे खाते. १९४८ साली भाऊ अचानक वारला. लग्न केलेले नव्हते. १९५० च्या सुमारास त्याने शॉ या वस्तीत ७ व्या रस्त्यामागे एक जुना गाडीखाना भाड्याने घेतला. काहीतरी काम करायचे आहे, खोलीत मावत नाही, एवढेच मालकाला सांगितले.

पाळी मध्यरात्री संपे. मग तो गाडीखान्यात जाई आणि पहाटेपर्यंत, पाच-सहा तास काम करी. सामान कुठून येई? सरकारी कचेऱ्यांतून फेकलेले टीपकागदाचे पुठ्ठे, विजेच्या तारा, इन्सुलेशनचे तुकडे. जुन्या बाजारातली मोडकी टेबले, खुर्च्या, खण. गालिचा गुंडाळून येतो त्या पुठ्ठ्याच्या नळ्या. जेलीच्या काचेच्या बरण्या, फ्यूज झालेले दिवे, आरसे. आणि सर्वांत महत्त्वाचा तो चकचकीत कागद : दुकानांच्या सजावटीतला, स्वयंपाकघरातला, सिगारेटच्या पाकिटांतला, दारूच्या बाटल्यांच्या गळ्याचा. रस्त्यावरच्या बेघर माणसांना पैसे देऊन तो त्यांच्याकडून बाटल्यांचा कागद घेई, असे त्या भागातल्या लोकांनी पुढे सांगितले. पोते घेऊन हिंडणारा, चष्मा लावणारा, ठेंगणा, हळू बोलणारा माणूस. शेजाऱ्यांना त्याच्याबद्दल याहून अधिक सांगता आले नाही.

त्याने या कामाला दिलेले नाव असे : 'द थ्रोन ऑफ द थर्ड हेवन ऑफ द नेशन्स मिलेनियम जनरल असेंब्ली'. मराठीत आणायचे तर 'राष्ट्रांच्या सहस्रकीय आमसभेच्या तिसऱ्या स्वर्गाचे सिंहासन'. या लांबलचक नावावर थांबण्यासारखे आहे. पहिला स्वर्ग ढगांचा, दुसरा ताऱ्यांचा आणि तिसरा प्रत्यक्ष ईश्वराच्या वस्तीचा, अशी ख्रिस्ती परंपरेतली एक समजूत आहे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौलाने तिसऱ्या स्वर्गाचा उल्लेख केलेला आहे. 'मिलेनियम' म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनानंतरचे हजार वर्षांचे राज्य. ते 'प्रकटीकरण' या बायबलच्या शेवटच्या ग्रंथातले. पण 'जनरल असेंब्ली'? जुन्या इंग्रजी बायबलात, इब्री लोकांस पत्रात, हे शब्द आहेतच. मात्र हॅम्प्टन युद्धावरून परतला त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रसंघ जन्माला आला आणि जानेवारी १९४६ मध्ये त्याची पहिली आमसभा, म्हणजे जनरल असेंब्ली, भरली. तीन वर्षांच्या सैन्यसेवेनंतर परतलेल्या सैनिकाच्या कानावर ते शब्द वर्तमानपत्रातून पडले नसतील, हे शक्य वाटत नाही. धर्मग्रंथातला शब्द आणि त्या दिवसाची बातमी एकाच नावात बसली, असे मी समजतो.

तो स्वतःला 'सेंट जेम्स' म्हणवी, आणि त्यापुढे हुद्दा लावी : 'डायरेक्टर, स्पेशल प्रोजेक्ट्स फॉर द स्टेट ऑफ इटर्निटी'. शाश्वत राज्याच्या विशेष प्रकल्पांचे संचालक! यावर हसू येते, आणि काही समीक्षक हसून पुढे गेलेही आहेत. मला यात त्याची कचेरी दिसते. रोज रात्री तो ज्या खोल्या झाडी, त्यांच्या दारांवर असल्याच पाट्या होत्या. दिवसा ते संचालक आत बसत, रात्री हा त्यांच्या टोपल्या रिकाम्या करी. आपल्या देवांना आपण राजांची भाषा दिली : दरबार, छत्र, चामर, चोपदार. विसाव्या शतकातल्या वॉशिंग्टनमध्ये सत्तेचे रूप खात्यांचे, संचालकांचे, आमसभांचे होते. त्याच्या ईश्वराचे राज्य त्याच भाषेत येणार, यात विक्षिप्त असे काय?

त्याचे साक्षात्कारही याच शहरातले आहेत. सामानाला बांधलेल्या चिठ्ठ्यांवर त्याने इंग्रजीत नोंदी केल्या : ११ एप्रिल १९३१ रोजी मोशे वॉशिंग्टनमध्ये प्रकटला, २ ऑक्टोबर १९४६ रोजी कुमारी मरिया आणि बेथलेहेमचा तारा राजधानीवर दिसले, २० जानेवारी १९४९ रोजी, अध्यक्ष ट्रुमन यांच्या शपथविधीच्या दिवशी, आदिपुरुष आदाम स्वतः आला. शहरी अध्यात्माबद्दल आपल्याकडे अलीकडे बरेच बोलले जाते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ शहरापासून दोन दिवस लांब जाऊन डोळे मिटून बसणे, असा असतो. हॅम्प्टन कुठेही गेला नाही. त्याचा मोशे सीनाय पर्वतावर नव्हे, राजधानीत उतरला. आणि त्या राजधानीत कृष्णवर्णीयाला पांढऱ्यांच्या खाणावळीत बसून जेवता येत नव्हते. तो हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १९५३ मध्ये मिळाला. म्हणजे गाडीखान्यातले काम सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाल्यावर. जो माणूस एके काळी याच शहरात खाणावळींचा आचारी होता, त्याच्यासाठी हा निकाल काय असेल, त्याची नोंद त्याच्या चिठ्ठ्यांत नाही.

मी ते सिंहासन प्रत्यक्ष पाहिले त्याला आता काही वर्षे झाली. भाची व्हर्जिनियात असते. तिच्याकडे गेलो असताना तीन वेळा पाहून आलो. पहिल्या वेळी ती सोबत आली, पुढच्या दोन वेळा तिने मला मेट्रोचे कार्ड देऊन वाटेला लावले. स्मिथसोनियन संस्थेचे अमेरिकन कलेचे संग्रहालय जुन्या पेटंट कचेरीच्या दगडी इमारतीत आहे, प्रवेश विनामूल्य. छायाचित्रांमुळे माझी एक चुकीची समजूत झाली होती : मला वाटले होते, हे सगळे झगमगत असेल. तसे नाही. झळाळी मऊ आहे, सुरकुतलेली आहे. एकूण १८० तुकडे. मांडणी सुमारे सत्तावीस फूट रुंद, साडेचौदा फूट खोल आणि साडेदहा फूट उंच. मधोमध मागे सिंहासन, आणि त्याच्या माथ्यावर दोन इंग्रजी शब्द, ज्यांचा अर्थ 'भिऊ नका'. तिथे मला पहिली आठवण झाली ती पुण्या-मुंबईतल्या रिक्षांच्या मागच्या काचेची, जिच्यावर अक्कलकोटच्या स्वामींचे तेच आश्वासन लिहिलेले असते. रहदारीत अडकलेल्या माणसाला देवाकडून आधी हेच ऐकायचे असते, मग धर्म कोणताही असो.

मांडणी काटेकोर सममित आहे. सिंहासनाच्या एका अंगाला असलेल्या प्रत्येक वस्तूची जोडीदार वस्तू दुसऱ्या अंगाला. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला नवा करार, येशू आणि प्रेषित. उजव्या हाताला जुना करार, मोशे आणि संदेष्टे. डावीकडे 'इसवी सन', उजवीकडे 'इसवी सनपूर्व' अशी आद्याक्षरे. सबंध मानवी इतिहास दोन ओळींत उभा करून मध्ये आसन ठेवलेले. आणि आसन रिकामे.

मी तिथे उभा राहून पाहत होतो ते हे रिकामेपण. आमच्या चाळीतल्या मखराची सर्वांत सुंदर वेळ माझ्या मते आदल्या रात्रीची असे. दिवे लावून पाहिलेले असत, खळ अजून ओली असे, चौरंगावर काहीच नसे. दुसऱ्या दिवशी मूर्ती आली की नजर मूर्तीवर जाई, मखर मागे पडे. आणि तसेच व्हायला हवे. हॅम्प्टनची ती आदली रात्र चौदा वर्षे चालली. ख्रिस्ती कलेत रिकाम्या सिंहासनाची परंपरा फार जुनी आहे. बायझंटाइन चर्चांच्या भित्तिचित्रांत येणाऱ्यासाठी 'सज्ज ठेवलेले आसन' दिसते. हॅम्प्टनने ती चित्रे पाहिली असण्याचे कारण नाही. त्याने 'प्रकटीकरण' वाचले होते, आणि येणाऱ्यासाठी जागा करून ठेवावी लागते हे त्याला ठाऊक होते.

आता थोडे कारागिरीविषयी, कारण विद्वान लेखांत ते फार थोडक्यात उरकलेले असते. टेबल अर्धे कापून त्याचे दोन अर्धगोल दोन वेद्यांना लावलेले आहेत. पुठ्ठ्याच्या नळ्यांचे खांब झाले आहेत. कडांना विजेची तार, तिच्यावर कागद गुंडाळून नक्षीची किनार. दिवे आणि जेलीच्या बरण्या कागदात अशा गुंडाळल्या आहेत की मुकुटावरचे मणी वाटावेत. जोडणीला गोंद, टाचण्या, खिळे, गादीकामातल्या चुका. काही भागांना लाखेचा हात दिलेला. या दिव्यांपैकी एकही पेटण्यासाठी नाही. विजेने उजळायचे ते बाहेरून. स्वतःच्या अंगचा उजेड त्या कागदाचा.

इथे आधुनिक कलेच्या इतिहासाशी याचे नाते लावताना जपून बोलले पाहिजे. 'सापडलेल्या वस्तूं'ची कला म्हटले की आपण द्यूशाँचे १९१७ चे मुत्रीपात्र आणि पिकासोने १९४२ मध्ये सायकलच्या सीट आणि हँडलपासून केलेले बैलाचे डोके यांची नावे घेतो. त्या कामांत गंमत अशी की मूळ वस्तू ओळखू आलीच पाहिजे. सायकलची सीट दिसली नाही तर पिकासोचा बैल निम्मा मरतो. हॅम्प्टनचा मार्ग नेमका उलटा आहे. खुर्ची खुर्ची राहता कामा नये, बरणी बरणी दिसता कामा नये. आतला पुठ्ठा झाकला गेलाच पाहिजे. वस्तूचे पूर्वायुष्य मिटवून तिला नवा जन्म द्यायचा, म्हणजे जवळजवळ दीक्षाच. आज मात्र जागोजागी कागद फाटला आहे, आतला लाकडी खण, पुठ्ठ्याची कड डोकावते. मूळचा गडद जांभळा कागद फिका पडून मातकट झाला आहे. जांभळा राजेपणाचा रंग. तो आता कल्पनेनेच पाहायचा. संग्रहालयात येणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला ही फाटलेली जागाच अधिक आवडते, असे माझ्या लक्षात आले. लोक वाकून तिथेच पाहतात : 'अरे, हे तर टेबल आहे!' वडील असते तर कंदील घेऊन उठले असते.

एक दुसरा धागा आफ्रिकेकडे जातो. येल विद्यापीठातले कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी दाखवून दिले की दक्षिण कॅरोलिनासारख्या राज्यांतल्या कृष्णवर्णीयांच्या कबरींवर आरसे, काचेची भांडी, दिवे, चकाकणाऱ्या वस्तू ठेवण्याची रीत काँगो प्रदेशातल्या श्रद्धांपर्यंत पोहोचते. चमक म्हणजे आत्म्याच्या हालचालीची खूण. हॅम्प्टनचे बालपण त्याच मुलखातले, म्हणून हा धागा मोलाचा आहे. पण तो एकटाच ओढला की हॅम्प्टनचे बायबल, त्याची नोकरी, त्याचे युद्ध सगळे मागे पडते. थोडक्यात, माणूस जाऊन नमुना उरतो. मी या स्पष्टीकरणाला जागा देतो, आसन देत नाही.

त्याच्या वहीबद्दल सांगितले पाहिजे. शंभरेक पानांची वही, इंग्रजी शीर्षकात 'सातवे युग' आणि 'सेंट जेम्स' ही नावे, आणि आतला मजकूर त्याने स्वतः बनवलेल्या लिपीत. पानाअखेर मात्र इंग्रजीत 'प्रकटीकरण' हा शब्द. संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी चिन्हांची वारंवारिता मोजून पाहिली. एका चिन्हाला एक इंग्रजी अक्षर, असा सरळ हिशेब लागत नाही. लिपी आजही वाचता आलेली नाही. पातमॉस बेटावर योहानाला जसे लिहिण्याची आज्ञा झाली तशी आपल्यालाही झाली, अशी त्याची श्रद्धा असावी. ही वही कुणी वाचलीच तर तिच्यात काय निघेल याची मला उत्सुकता आहे, आणि थोडी भीतीही. सामानाची यादी निघाली तर?

४ नोव्हेंबर १९६४ रोजी हॅम्प्टन पोटाच्या कर्करोगाने गेला. आदल्या दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती, आणि राजधानीच्या रहिवाशांना अध्यक्ष निवडण्याचा हक्क प्रथमच मिळाला होता. आपल्याकडे ते दिवाळीचे दिवस. भाडे थकले म्हणून मालकाने गाडीखाना उघडला. त्याला जे दिसले त्याचे वर्णन त्याने लोकांना करून सांगितले असेल, पण लोकांनी विश्वास ठेवला असेल का, शंका आहे. दक्षिणेतून बहीण शव न्यायला आली, तेव्हा तिला भावाच्या या कामाची पहिल्यांदा माहिती झाली. तिला ते ठेवून घेणे शक्य नव्हते. डिसेंबरमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी छापली. मथळ्याचा पहिला शब्द होता 'टिन्सेल', म्हणजे आपले बेगड. त्यानंतर गूढ, एकाकी माणूस वगैरे. गाडीखान्याच्या भाड्याची जाहिरात वाचून आलेल्या एका शिल्पकाराने ते पाहिले, आणि त्याच्या ओळखीतून न्यूयॉर्कचे नामांकित कलाव्यापारी लिओ कास्टेली आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग हे पाहायला आले. राउशेनबर्ग म्हणजे भुसा भरलेल्या बकरीला टायर घालून कला करणारा. त्याला हे कळले नसते तरच नवल. स्मिथसोनियनच्या संग्रहालयातले हॅरी लोव यांनी थकलेले भाडे भरून काम वाचवले, आणि १९७० मध्ये ते रीतसर संग्रहात दाखल झाले. मधल्या काळात, एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरच्या दंगलीत शॉ वस्तीतला ७ वा रस्ता पेटला होता. 'टाइम' साप्ताहिकात रॉबर्ट ह्यूज यांनी पुढे लिहिले की अमेरिकन माणसाने केलेल्या द्रष्ट्या धार्मिक कलेतले हे कदाचित सर्वोत्तम काम असावे.

असे गौरव वाचले की मला चंदीगडच्या नेकचंद यांची आठवण होते. फाळणीत घर गमावलेला, सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचा निरीक्षक. कार्बूझिएचे नवे शहर उभारताना जी गावे पाडली त्यांच्या ढिगाऱ्यातून, फुटक्या बांगड्या-बश्यांतून त्यांनी १९५० च्या दशकाअखेरीपासून जंगलात चोरून एक राज्य वसवले. ते उघडकीस आले तेव्हा बेकायदा ठरवून पाडणेच सोपे होते. तसे झाले नाही. १९७६ मध्ये 'रॉक गार्डन' लोकांसाठी खुले झाले, आणि त्यांना सरकारी पगारावर तेच काम देण्यात आले. नेकचंद यांना आपल्या राज्यात माणसे हिंडताना पाहायला मिळाली. हॅम्प्टनला प्रेक्षक मिळाले ते मेल्यावर, आणि भाविक मिळाले नाहीतच.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. निवृत्तीनंतर दुकानाच्या गाळ्यात एखादे छोटे चर्च काढून तिथे उपदेशक व्हायचे, असे तो ओळखीच्यांना म्हणे. दक्षिणेतून आलेल्या गरीब कृष्णवर्णीयांनी अमेरिकेच्या शहरांत अशी गाळ्यांतली चर्चे शेकड्यांनी उभी केली आहेत. रस्त्याकडेच्या काचेवर नाव, आत घडीच्या खुर्च्या. हे सिंहासन तशा एखाद्या गाळ्यासाठी होते, असे समजायला जागा आहे. म्हणजे ते 'कलाकृती' म्हणून केलेलेच नाही. आपण त्याला 'इन्स्टॉलेशन' म्हणतो, मीही वर 'मांडणी' म्हटले आहे. संग्रहालयाने ते उचलले नसते तर कचऱ्याच्या गाडीत गेले असते, हे उघड आहे. तरीही दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहताना देवळाबाहेर चप्पल काढायला विसरल्यासारखे वाटत राहते.

अशा माणसांच्या कामाला इंग्रजीत 'आउटसायडर आर्ट' म्हणतात. १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल यांच्या पुस्तकाने ही संज्ञा रूढ केली. बाहेरच्यांची कला. हा शब्द मला पचत नाही, आणि त्यात माझा वैयक्तिक राग मिसळलेला आहे हे कबूल करतो. मी पदवीधरही नाही. कित्येक वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात निबंध वाचायला गेलो होतो, तेव्हा नोंदणीच्या कागदावर 'संस्था' असा रकाना होता. मी तिथे रेघ मारली. टेबलामागच्या मुलीने कागद परत देत सांगितले, 'काका, काहीतरी लिहा ना, रिकामा चालत नाही.' मी घरचा पत्ता लिहिला. हॅम्प्टन मात्र रकाना रिकामा सोडणारा नव्हता. त्याने राज्यही लिहिले, खातेही आणि हुद्दाही. बाहेरचा कोण, हे आत कोण बसले आहे त्यावर ठरते. चोखोबांची समाधी पंढरपूरला देवळाच्या दाराबाहेर आहे, आणि ते दार त्यांच्या लोकांना साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये उघडले. दोन गोष्टी एक नव्हेत. हॅम्प्टनला त्याच्या समाजाच्या चर्चचे दार कुणी बंद केले नव्हते; तो निरनिराळ्या चर्चांना जाई, पण देव पंथापंथांत वाटलेला आहे हे त्याला मान्य नव्हते, म्हणून कुठेच ठरला नाही. तरी चोखोबांना 'बाहेरचे संत' म्हणण्याचे धाडस आज कुणी करणार नाही, एवढे मात्र खरे.

तिसऱ्या खेपेला संग्रहालयातून निघालो आणि ७ व्या रस्त्याने उत्तरेला चालत गेलो. तो गाडीखाना होता ती जागा तिथून सहा-सात चौक, पायी पंधरा मिनिटेदेखील नाही. चौदा वर्षे जिथे हे काम लपून होते आणि आज जिथे लोक ते पाहतात, त्यांत एवढेच अंतर. तिकडे आता भलेमोठे अधिवेशन केंद्र उभे आहे. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली माणसे जा-ये करीत होती. मागची गल्ली मी दोनदा फिरलो. मला ती जागा काही ओळखता आली नाही. एका दाराशी सफाई कामगार कचऱ्याच्या पिशव्या बाहेर आणून ठेवत होता, त्याला विचारले. त्याने हॅम्प्टनचे नाव ऐकले नव्हते. मी मोबाइलवरचे छायाचित्र दाखवले. त्याने ते बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, हे पुसतात कसे?